शाळेचा बुद्धिबळ क्लब लहान गावातल्या स्पर्धेला नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेत बुद्धिबळ शिकवणाऱ्या, पण मुलांना अजून बाहेर खेळायला न नेलेल्या शिक्षकांसाठी आणि त्यांच्या मदतीला येणाऱ्या पालकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. नियम जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, म्हणजे फिडेचे धरले आहेत. स्पर्धेच्या माहितीपत्रकात काही वेगळं छापलं असेल, तर त्या दिवसापुरतं तेच खरं.

मुलं स्पर्धेसाठी तयार झाली आहेत हे कसं ओळखायचं?

किती ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चाली) पाठ आहेत यावरून तर मुळीच नाही. पट मांडता येतो का, कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) आणि एन पासंट (प्याद्याने प्यादं मारायची खास चाल) यांचे नियम माहीत आहेत का, मात आणि स्टेलमेट (शह नसताना एकही चाल न उरणं) यांतला फरक कळतो का, हे पाहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे समोर एकटा राजा उरला असताना राजा आणि वजीर वापरून मात करता येते का. नवख्या मुलांचे सर्वांत जास्त गुण इथेच जातात. पटावर दोन-दोन वजीर असतात, समोरच्या राजाला हलायला घर उरत नाही, शह मात्र लागलेला नसतो, आणि जिंकलेला डाव बरोबरीत सुटतो. स्पर्धेआधीच्या आठवड्यात नवीन ओपनिंग शिकवण्यापेक्षा ही एक मात प्रत्येकाकडून घड्याळ लावून करून घ्या. हत्तीची मातही जमली तर उत्तमच.

चार चालींची मात मात्र सगळ्यांना अडवता आली पाहिजे, कारण पहिल्या फेरीत कोणीतरी ती लावणारच. पांढरा वजीर एच५ वर आणि उंट सी४ वर येतो (अक्षर उभ्या ओळीचं, आकडा आडव्या ओळीचा), दोघांचा डोळा एफ७ च्या प्याद्यावर असतो. घोडा सी६ वर आणून ई५ चं प्यादं सांभाळायचं, मग जी६ ला प्यादं ढकलून वजिराला हुसकावायचं. तो एफ३ वर जाऊन पुन्हा डोळे वटारतो, तेव्हा दुसरा घोडा एफ६ वर. एवढं झालं की काळा डाव छान उभा राहतो.

फक्त चांगली खेळणारी मुलंच न्यावीत का?

नाही. स्पर्धा बाद पद्धतीची नसेल तर पहिल्या पटावरचं मूल आणि शेवटच्या पटावरचं मूल सारखेच डाव खेळतात. पण एका मोठ्या माणसाला जितकी मुलं सांभाळता येतील तितकीच न्या. यात खेळाचा काही संबंध नाही. एकाचा डाव पाच मिनिटांत संपतो आणि दुसऱ्याचा पन्नास मिनिटं चालतो. मधल्या वेळात ही सगळी मंडळी कुठे आहेत हे कोणाला तरी माहीत असावं लागतं.

माहितीपत्रकात नेमकं काय बघायचं?

बक्षिसांची यादी सगळे वाचतात, तीच शेवटी वाचा. आधी वेळेची मर्यादा आणि फेऱ्यांची संख्या पाहा. मग वयोगट कोणत्या तारखेला मोजला आहे ते पाहा. फिडेच्या पद्धतीत त्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वी दहा पूर्ण झालेली नसतील तर मूल दहा वर्षांखालील गटात खेळतं. म्हणजे फेब्रुवारीत दहा पूर्ण करणारं मूलही वर्षभर त्याच गटात असतं. यावरून पालकांमध्ये दरवेळी वाद होतो, म्हणून तारीख आधीच कळवून टाका.

मग उशिराची मर्यादा. फेरी सुरू झाल्यावर किती मिनिटांत पोहोचलं नाही तर डाव गेला, हे आयोजकांनी आधी जाहीर करायचं असतं. काहीच जाहीर केलं नसेल तर फिडेच्या नियमाने ती मर्यादा शून्य मिनिटं असते. पट, सोंगट्या आणि घड्याळं आयोजक देणार की आपण न्यायची, हेही विचारा. लहान गावात सोंगट्या पुरतात, घड्याळं बहुधा पुरत नाहीत.

सुरुवातीची यादी चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर किंवा भिंतीवर लागली की आपल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मवर्ष आणि गट तपासा. पहिल्या फेरीच्या जोड्या लागण्याआधी दुरुस्ती दोन मिनिटांत होते. नंतर तीच दुरुस्ती पंचांच्या डोक्याला ताप होते.

वयोगटात खेळवावं की खुल्या गटात?

पहिल्या वेळी वयोगटात. ज्याला वयोगटात समोर कोणी टिकत नाही असं एखादं मूल असेल तर त्याला खुल्या गटात टाका. तिथे मुरलेले मोठे खेळाडू त्याला एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) म्हणजे काय ते एका दिवसात शिकवतील.

स्पर्धा रेटेड असली तर काय फरक पडतो?

नोंदणीसाठी फिडे आयडी लागतो आणि निकाल रेटिंगसाठी, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या अधिकृत आकड्यासाठी, मोजले जातात. मार्च २०२४ पासून फिडेचं किमान रेटिंग १४०० आहे आणि पहिलं रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी निदान पाच डाव व्हावे लागतात. नवख्या मुलाला एका दिवसात रेटिंग मिळून जाईल अशी आशा पालकांना लावू नका.

‘१५ अधिक १०’ म्हणजे काय? दिवस किती वाजता संपेल?

प्रत्येकाला सुरुवातीला १५ मिनिटं आणि प्रत्येक चालीला १० सेकंदांची भर. साठ चालींच्या डावात भर होते दहा मिनिटांची, म्हणजे प्रत्येकी २५ आणि दोघांची मिळून ५० मिनिटं. डाव लांबला तर अजून थोडी. फेरी-फेरीत तासाभराचं अंतर धरा. पाच फेऱ्या, मधली सुट्टी, उशिरा सुरू झालेलं उद्घाटन आणि बक्षीस समारंभ धरला की अख्खा दिवस गेला. घरी पोहोचण्याची वेळ पालकांना सांगताना मन मोठं ठेवा.

हा प्रकार रॅपिडमध्ये मोडतो. साठ चालींचा हिशेब करून प्रत्येकाचा वेळ दहा मिनिटांहून जास्त आणि साठ मिनिटांहून कमी असेल तर रॅपिड, दहा किंवा त्याहून कमी असेल तर ब्लिट्झ.

आमच्या मुलांनी घड्याळ कधी वापरलेलंच नाही. चालेल का?

खेळता येईल, पण नुकसान होईल. पहिल्या स्पर्धेत मुलं घड्याळ दाबायलाच विसरतात. समोरचा शांत बसून राहतो आणि आपल्याकडचं मूलही ‘हा किती वेळ विचार करतोय’ असं मनात म्हणत आपलाच वेळ संपवतं. समोरच्याने आठवण करून द्यावी असा नियम नाही.

आठवडाभर सराव पुरतो. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं. घड्याळावर आपटायचं नाही. चाल पटावर पूर्ण केल्याशिवाय घड्याळाकडे हात न्यायचा नाही. आणि घड्याळ थांबवायचं कसं, हे प्रत्येकाला त्या घड्याळावर प्रत्यक्ष दाखवा. सगळ्या तयारीत मी सर्वांत जास्त वेळ याला देतो. काही गडबड झाली तर घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा आणि पंच येईपर्यंत समोरच्याशी वाद घालायचा नाही. डाव सुरू असताना तुम्ही त्याच्या मदतीला जाऊ शकत नाही, पंच जाऊ शकतात. पण चाळीस पटांमागे एक-दोन पंच असतात, बोलावल्याशिवाय ते येणार कसे? घरात मोठ्यांना मध्येच टोकू नये असं शिकलेली गुणी मुलं नेमकी इथेच गप्प बसतात आणि हक्काचा अर्धा गुण सोडून येतात. म्हणून वर्गात तुम्ही स्वतः पंच व्हा, मुद्दाम चुकीच्या चाली खेळायला लावा आणि हात वर करायची सवय लावा. पहिल्या दिवशी हसतात, मग जमतं.

पहिली फेरी हरलं की मूल बाहेर का?

नाही. शालेय स्पर्धा बहुतेक स्विस पद्धतीने होतात. १८९५ मध्ये झुरिकच्या स्पर्धेत ही पद्धत प्रथम वापरली गेली, म्हणून हे नाव. कोणी बाद होत नाही, दर फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लागतात आणि तीच जोडी पुन्हा लागत नाही. पहिल्या फेरीत यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो. चौसष्ट जण असतील तर पहिल्याची गाठ तेहतिसाव्याशी. त्यामुळे नवख्याला सुरुवातीलाच तगडा गडी मिळणं अगदी नेहमीचं आहे. तिसऱ्या फेरीपासून डाव बरोबरीचे होऊ लागतात. हे मुलांना आणि त्याहून जास्त पालकांना आधी सांगून ठेवा.

रंग आलटून पालटून मिळतात, पण नेहमी नाही. लागोपाठ दोनदा काळ्या आल्या तर तक्रारीचं कारण नाही. लागोपाठ तीनदा येणं शक्यतो टाळलं जातं.

आमच्याच शाळेची दोन मुलं समोरासमोर आली तर?

खेळायचं. एका शाळेच्या मुलांना पहिल्या एक-दोन फेऱ्या वेगळं ठेवाल का, असं आयोजकांना स्पर्धेपूर्वी विचारता येतं; तसं करायला ते बांधील नाहीत. ‘तू हर, त्याचं बक्षीस पक्कं होईल’ असली सूचना शिक्षकाकडून कधीही जाता कामा नये. तो नियमभंग आहेच, आणि मुलं ही गोष्ट वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

बाय मिळाला म्हणजे काय झालं?

खेळाडूंची संख्या विषम आहे आणि या फेरीत समोर कोणी नाही. साधारणपणे पूर्ण गुण मिळतो आणि एकालाच दोनदा बाय देत नाहीत. मुलं मात्र हिरमुसतात, कारण ती खेळायला आलेली असतात. त्या तासात तुम्हीच त्याच्याशी एक डाव खेळा.

सोंगटीला हात लागला की तीच खेळायची, हा नियम खरंच इतका कडक असतो?

हो. स्वतःच्या सोंगटीला मुद्दाम हात लावला तर तीच हलवायची, समोरच्याच्या सोंगटीला लावला तर शक्य असल्यास तीच मारायची. वाकडी बसलेली सोंगटी सरळ करायची असेल तर आधी ‘ठीक करतो’ असं म्हणायचं, आणि तेही आपली पाळी असतानाच. कॅसलिंग करताना पहिला हात राजाला. आधी हत्तीला आणि मग राजाला हात लावला, तर त्या चालीत त्या बाजूला कॅसलिंग करता येत नाही. सगळी हालचाल एकाच हाताने.

समोरच्याने हा नियम मोडला तर स्वतः कुठल्याही सोंगटीला हात लावण्याआधी तक्रार करावी लागते, नंतर तो हक्क जातो. स्पेनमधल्या लिनारेस इथल्या १९९४ च्या स्पर्धेत गॅरी कास्पारोव्हने घोडा एका घरात ठेवला, क्षणभर हात सोडला आणि उचलून दुसरीकडे नेला. समोर सतरा वर्षांची युडिट पोल्गार होती. तिने त्या वेळी तक्रार केली नाही, डाव पुढे चालला आणि ती हरली. हात सुटला होता हे नंतर कॅमेऱ्याच्या चित्रीकरणात दिसलं. मुलांना हा किस्सा फार आवडतो. जाता जाता हेही सांगा की लिनारेस हे काही महानगर नाही. नेदरलँड्समधलं विक आन झी तर समुद्रकाठचं एक गाव आहे, आणि जगातले अव्वल खेळाडू दरवर्षी तिथे खेळायला जातात.

समोरच्याने नियमाबाहेरची चाल केली तर डाव लगेच जिंकला का?

रॅपिडमध्ये पहिल्या वेळी समोरच्याला, म्हणजे आपल्या मुलाला, दोन मिनिटं जास्त मिळतात. त्याच खेळाडूने दुसऱ्यांदा तसं केलं तर तो हरतो. लांब पल्ल्याच्या डावातही तेच, ब्लिट्झमध्ये दोनाऐवजी एक मिनिट. घड्याळ दाबलं की चूक पूर्ण होते. त्याआधी लक्षात आली तर सुधारता येते, पण शक्य असेल तर हात लावलेली सोंगटीच खेळावी लागते. चाल न करता घड्याळ दाबणं आणि एका चालीसाठी दोन हात वापरणं यांनाही हीच शिक्षा.

पंचांची नजर प्रत्येक पटावर नसते. अशा रॅपिड स्पर्धेत आपल्या मुलाने पुढची चाल करून टाकली की तक्रारीचा हक्क गेला आणि चुकीची चाल तशीच राहिली. म्हणजे पुन्हा तेच: घड्याळ थांबवा, हात वर करा.

राजा मारून टाकणं मात्र नाही. शहात राजा तसाच सोडला म्हणून तो उचलून ‘जिंकलो’ म्हणणाऱ्या मुलाचीच चाल नियमाबाहेरची ठरते.

राजा आणि वजीर अदलाबदल करून मांडल्याचं दोघांनाही दहा-बारा चालींनंतर कळतं, हेही नेहमीचंच. रॅपिडमध्ये प्रत्येकाच्या दहा चाली झाल्यावर तक्रार ऐकली जात नाही आणि चुकीच्या घरातल्या राजाला कॅसलिंगही करता येत नाही. उजव्या हाताला पांढरं घर, वजीर आपल्या रंगाच्या घरात: डाव सुरू होण्याआधी पाच सेकंद पाहायचं.

प्यादं शेवटच्या घरात पोहोचलं, पण जवळ वजीर नाही. मग?

घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागायचा. उलटा हत्ती ठेवून ‘हा वजीर’ म्हणायची शाळेतली सवय आजच मोडा. २०१७ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय स्पर्धेचा विजेता ठरवणाऱ्या ब्लिट्झ डावात निकोलाय नोरित्सिनला वजीर सापडला नाही, कारण तो प्रतिस्पर्धी बातोर सांबुएव्हच्या हातात होता. त्याने हत्ती उलटा ठेवला, पंचांनी तो हत्तीच मानला आणि नोरित्सिन तो डाव हरला. मोठ्या माणसांचं असं होतं, तिथे चौथीतल्या मुलाचं काय! डावाआधी मारलेल्या सोंगट्या कुठे ठेवायच्या ते ठरवून घ्या आणि समोरच्याने वजीर मुठीत धरला असेल तर पंचांना सांगायला शिकवा.

समोरचा ‘मात’ म्हणाला, आमच्या मुलाने हात मिळवला. नंतर कळलं की मात नव्हतीच. निकाल बदलेल का?

बहुधा नाही. निकालावर दोघांच्या सह्या झाल्या की तो चुकीचा असला तरी टिकतो, पंचांनी वेगळं ठरवलं तरच बदलतो. मुलांना सांगा: समोरचा काहीही म्हणो, आपण राजाची सगळी घरं बघायची, मारता येतं का, मध्ये सोंगटी घालता येते का हे बघायचं, आणि खात्री नसेल तर पंचांना बोलवायचं. सही करताना आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचायचं. जिंकून हरल्याची नोंद करून आलेली मुलं दर स्पर्धेत सापडतात.

बरोबरी कधी मागायची?

मी नवख्यांना सांगतो, मागूच नका, खेळा. पण नियम माहीत असावेत. प्रस्ताव द्यायचा तर आपली चाल करून, घड्याळ दाबण्यापूर्वी, आणि एकदाच; सारखं विचारणं म्हणजे त्रास देणं. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली, किंवा दोघांच्या पन्नास-पन्नास चालींत एकही प्यादं हललं नाही आणि काही मारलं गेलं नाही, तर मागणी करता येते. पाचदा तीच स्थिती किंवा पंच्याहत्तर चाली झाल्या तर मागणीविनाच बरोबरी.

वेळ संपण्याबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला असतो. ज्याची वेळ संपली तो हरतो हे खरं, पण समोरच्याकडे एकटा राजा असेल तर बरोबरी. ज्याला कोणत्याही मार्गाने मात करणं शक्य नाही, त्याला वेळेवर जिंकता येत नाही.

चाली लिहाव्या लागतात का?

रॅपिडमध्ये सक्ती नाही, लांब पल्ल्याच्या डावात आहे. जमत असेल तर पहिल्या वीस चाली तरी लिहाव्यात. नंतर डाव दाखवताना ‘मग काहीतरी झालं आणि माझा वजीर गेला’ याच्या पुढे गाडी जाते.

मी जवळ उभं राहून डाव बघू का?

आयोजकांनी परवानगी दिली असली तरी लांबून. मूल चाल करण्याआधी वर बघतं आणि तुमच्या भुवया वाचतं. ती मदतच झाली, आणि समोरच्या मुलाच्या पालकांना ती तुमच्याआधी दिसते. नियमभंग दिसला तर फक्त पंचांना सांगायचं, खेळाडूंना अक्षरही नाही.

मोबाइल दप्तरात ठेवला तर चालेल का?

आयोजकांनी स्पष्ट परवानगी दिली असेल तरच, आणि पूर्ण बंद करून. त्याहून सोपं म्हणजे सगळे फोन आणि स्मार्ट घड्याळं एका पिशवीत, पिशवी मोठ्या माणसाकडे, खेळाच्या खोलीबाहेर. २००३ च्या युरोपीय सांघिक स्पर्धेत जगज्जेतेपद मिळवून बसलेल्या रुस्लान पोनोमारियोव्हचा फोन डावात वाजला आणि डाव गेला.

फेऱ्यांच्या मधल्या वेळात काय करायचं?

पाणी, थोडं खाणं, स्वच्छतागृह, पळापळ. स्वच्छतागृहाचं मुद्दाम लिहितो आहे: आपली पाळी असताना पंचांना न विचारता खेळाची जागा सोडता येत नाही आणि घड्याळ कोणासाठी थांबत नाही. नवीन ओपनिंग शिकवायची ही वेळ नव्हे. हरलेल्या डावाची चिरफाड करायचीही नव्हे. ती शाळेत परतल्यावर फळ्यावर निवांत करता येते.

एक जागा ठरवा आणि तिथे कोणीतरी मोठं माणूस सतत बसलेलं असू द्या. डाव संपला की सोंगट्या मांडायच्या, निकाल नोंदवायचा आणि थेट त्या जागेवर यायचं.

मूल रडू लागलं तर?

रडू द्या. कोणी बघणार नाही अशा ठिकाणी घेऊन जा, पाणी द्या. ‘का हरलास?’ विचारू नका, ‘समोरचा काही फार चांगला नव्हता’ असं तर मुळीच म्हणू नका. पुढच्या फेरीचा तक्ता लागला की बहुतेक मुलं स्वतःच उठतात. नाही उठलं आणि खेळायचंच नाही म्हणालं तर ओढून नेऊ नका. पंचांना वेळेत सांगा, नाहीतर समोरचं मूल रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहतं.

गुण सारखे असून आमचं मूल खाली का?

टायब्रेकमुळे, म्हणजे सारखे गुण असलेल्यांचा क्रम ठरवण्याच्या नियमामुळे. सर्वांत जास्त वापरला जाणारा टायब्रेक म्हणजे बुखहोल्झ: तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्या सगळ्यांच्या गुणांची बेरीज. दोन मुलांचे पाचपैकी चार गुण झाले. एक पहिलीच फेरी हरलं आणि मग तळातल्यांशी खेळत वर आलं. दुसरं सलग चार जिंकून शेवटी पहिल्या पटावर हरलं. दुसऱ्याला जास्त गुणवाले प्रतिस्पर्धी मिळालेले असतात, म्हणून बहुतेक वेळा तेच वर राहतं. यात मुलाच्या हातात फारसं काही नसतं, म्हणून चिडचिड होते.

टायब्रेकचा क्रम माहितीपत्रकात असतो, तो सकाळीच वाचा. २०१३ च्या लंडनमधल्या कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या, स्पर्धेत कार्लसन आणि क्रामनिक दोघांचे साडेआठ गुण झाले. कार्लसनचे विजय पाच, क्रामनिकचे चार, एवढ्यावर कार्लसन आनंदला आव्हान द्यायला गेला.

पंचांचा निर्णय चुकीचा वाटला तर?

डाव सुरू असताना मुलाने स्वतः शांतपणे विचारायचं. तुम्ही मुख्य पंचांशी फेरी सुरू असताना भांडू नका, नियमाचं कलम माहीत असेल तर तेच दाखवा. पुढच्या फेरीच्या जोड्या लागल्या की मागचं काही बदलणं जवळपास अशक्य असतं, त्यामुळे विचारायचं ते लगेच विचारा.

बक्षीस समारंभापर्यंत थांबावंच लागतं का?

मुलं दमलेली असतील आणि यादीत कोणी नसेल तर निघालात तरी चालेल. पण निघण्यापूर्वी अंतिम तक्त्यात प्रत्येकाचे गुण स्वतः मोजून पाहा, वयोगटाची आणि मुलींची बक्षिसं वेगळी असतील तर त्या याद्याही. अडीच गुणांच्या मुलाला सर्वांत लहान खेळाडूचं बक्षीस लागलेलं असतं आणि नाव पुकारलं जातं तेव्हा गाडी निम्म्या वाटेवर असते. आणि पिशवीतले फोन परत केलेत का ते बघा.